५५ मिमी लिफ्टनंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. टो बरोबर आहे, मग चुकतंय कुठे?

खडकवाट (प्रश्न)

गाडीला पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारी एकच कडक नळी) आहे. रेडियस आर्म (अ‍ॅक्सलला चॅसिसशी जोडणारे लांब दांडे), कॉइल स्प्रिंग, आणि पॅनहार्ड रॉडचं (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) चॅसिसकडचं टोक उजवीकडे. पुढे-मागे दोन्हीकडे ५५ मिमी उंच बसणाऱ्या स्प्रिंग आणि त्या मापाचे शॉकअप टाकले आहेत. टायर २३५/७५ आर १५. रेडियस आर्म, पॅनहार्ड आणि स्टिअरिंगचे सगळे रॉड मूळचेच आहेत.

लिफ्टनंतर व्हील अलाइनमेंट करून घेतलं. मशीनच्या कागदावरचे आकडे असे:

एकूण टो-इन (चाकं समोरून किती आत वळलेली) २ मिमी
कॅम्बर (चाकाचा माथा आत-बाहेर किती कललेला) डावीकडे +०.२ अंश, उजवीकडे +०.१ अंश
कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं ती मागे किती कललेली) डावीकडे +०.६ अंश, उजवीकडे +०.९ अंश

मॅन्युअलमध्ये कॅस्टर ४ अंश दिलाय. या अ‍ॅक्सलला टो सोडून काही अ‍ॅडजस्ट होत नाही, म्हणून फक्त टो लावून दिला.

आता वळण घेतल्यावर स्टिअरिंग सोडलं तर ते अर्ध्यावरच थांबतं, हाताने सरळ करावं लागतं. ७० च्या पुढे गाडी रस्त्यावर थोडी तरंगते, सतत बारीक बारीक सावरावं लागतं. सरळ चालताना स्टिअरिंगचं चाक साधारण १५ अंश डावीकडे राहतं. शिवाय उजवं चाक फेंडरच्या बाहेर जास्त आलेलं दिसतं. थरथर किंवा डगडग अजिबात नाही.

स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉकअप) बदलून हे जाईल का? की कॅस्टरचे बुश टाकायचे? आणि चाक बाहेर आलंय त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

आटेपाना

डॅम्परला हात लावू नका. तुमच्या कागदावरच उत्तर आहे: कॅस्टर.

रेडियस आर्म अ‍ॅक्सलला दोन बोल्टनी घट्ट धरलेला असतो आणि मागे चॅसिसवर एकाच बुशवर फिरतो. लिफ्ट केल्यावर चॅसिस वर जाते, म्हणजे आर्मचं मागचं टोक वर जातं, आर्म नाक खाली घालतो आणि त्याच्यासोबत अख्खा अ‍ॅक्सल पुढे झुकतो. किंगपिनचं (ज्या खुंटीभोवती चाक वळतं ती) वरचं टोक पुढे आलं की कॅस्टर गेला. किती गेला हे मशीनशिवायही काढता येतं: लिफ्ट भागिले आर्मची लांबी, गुणिले ५७.३. अ‍ॅक्सलच्या मध्यापासून चॅसिसच्या बुशपर्यंत आर्म ९२० मिमी धरला तर ५५ ÷ ९२० × ५७.३ म्हणजे ३.४ अंश. मूळ ४ मधून ३.४ वजा केले की उरले ०.६. कागदावर तेच आलंय. मशीन खोटं बोलत नाहीये, अ‍ॅक्सलही वाकलेला नाही. जिम्नी, लँड क्रूझर ८०, जुनी पॅट्रोल (Y60, Y61), २०१६ पर्यंतची जुनी डिफेंडर यांच्या पुढच्या अ‍ॅक्सलला हेच रेडियस आर्म आहेत, त्यामुळे लिफ्ट केल्यावर सगळ्यांत हेच होतं. फक्त आर्मच्या लांबीप्रमाणे आकडा बदलतो. तुमचा आर्म टेपने मोजून हिशेब एकदा ताडून पाहा.

स्टिअरिंग परत का येत नाही तेही यातच आहे. किंगपिनची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. तेवढ्या अंतरामुळे टायर मागे ओढला जातो आणि आपोआप सरळ होतो, ट्रॉलीच्या चाकासारखा. चाकाचा मध्य जमिनीपासून ३५० मिमीवर धरला तर ४ अंशांना हे अंतर सुमारे २४ मिमी येतं. ०.७ अंशांना उरतं जेमतेम ४ मिमी. स्टिअरिंग बॉक्स आणि सगळ्या जॉइंटचं घर्षण मोडून चाक सरळ करायला ४ मिमी पुरत नाही, म्हणून स्टिअरिंग अर्ध्यावर थांबतं. टो कितीही नेमका लावला तरी यात फरक पडणार नाही.

उपाय दोन. एक, ऑफसेट छिद्राचे कॅस्टर बुश. रेडियस आर्मला अ‍ॅक्सलच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन बुश असतात. त्यांच्यातलं अंतर २०० मिमी असेल आणि प्रत्येक छिद्र मध्यापासून ५ मिमी सरकलेलं असेल, तर १० ÷ २०० × ५७.३ म्हणजे जवळपास २.९ अंश परत मिळतात. दोन, आर्मचं चॅसिसकडचं टोक खाली आणणारे ड्रॉप ब्रॅकेट. ४० मिमी खाली आणलं तर ९२० च्या आर्मवर २.५ अंश मिळतात. ब्रॅकेटमुळे आर्मचा मूळ कोन बराचसा परत येतो, म्हणून गाडी खड्ड्यावर मऊ चालते. पण तोच ब्रॅकेट खाली लोंबतो आणि नेमका दगडाच्या उंचीवर येतो. तुमच्या लिफ्टला मी बुश निवडेन. लिफ्ट ७५ मिमीच्या पुढे असती तर ब्रॅकेट किंवा कोन बदलून बनवलेले आर्म म्हटलं असतं, कारण तेवढं ऑफसेट दिलं की बुशच्या एका बाजूला रबर फारच पातळ उरतं.

बसवताना सगळ्यात जास्त चूक दिशेची होते. कॅस्टर वाढवायचा म्हणजे अ‍ॅक्सलचा माथा मागे न्यायचा, म्हणजे अ‍ॅक्सलचा पुढचा बोल्ट वर आणि मागचा खाली जायला हवा. म्हणून गाडीच्या पुढच्या बाजूच्या बुशचं छिद्र वर, मागच्याचं खाली. छिद्रांची रेषा आर्मच्या लांबीला काटकोनात राहायला हवी. प्रेसमध्ये बुश १५-२० अंश तिरका बसला तर ऑफसेटचा काही भाग वाया जातो आणि बोल्ट ब्रॅकेटमध्ये सरळ शिरत नाहीत. आर्म काढायच्या आधीच त्यावर पांढऱ्या रंगाने 'वर' आणि 'पुढे' अशा खुणा करा. प्रेसखाली आडवा पडलेला आर्म दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. उलटे बसले तर तुमचा ०.६ थेट उणे २ च्या खाली जाईल, आणि ती गाडी चालवणं धोक्याचं आहे.

डाव्या-उजव्या कॅस्टरमधला ०.३ चा फरक सोडून द्या. सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये दोन्ही नकल (चाक धरणारे वळते भाग) एकाच नळीवर आहेत, त्यांच्यातला फरक बुशने निघत नाही. दोन बाजूंना वेगवेगळे बुश टाकले तर अ‍ॅक्सलला नुसता पीळ पडतो. फरक अर्ध्या अंशाच्या आत असला की पुरे. त्यापुढे गेला तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढायला लागते.

ओळंबा

वरचा हिशेब बरोबर आहे. मला क्रमाबद्दल बोलायचंय, कारण बुश टाकून पुन्हा नुसता टो लावला तर स्टिअरिंग वाकडंच राहील.

उजवं चाक बाहेर आलंय ते पॅनहार्डमुळे. पॅनहार्डचं एक टोक चॅसिसला, दुसरं अ‍ॅक्सलला. चॅसिस वर गेली की रॉड जास्त तिरका होतो, त्याची आडवी लांबी कमी होते आणि तो अ‍ॅक्सलला चॅसिसच्या टोकाकडे ओढतो, तुमच्याकडे उजवीकडे. दोन्ही टोकांमधल्या बोल्टचं अंतर मोजा. सपाट जमिनीवर गाडी तिच्या चाकांवर उभी असताना दोन्ही बोल्टच्या उंचीतला फरक मोजा. तसंच डाव्या आणि उजव्या चॅसिस रेलपासून टायरच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. फेंडरवरून मोजू नका, बॉडी चॅसिसवर कधीच नेमकी मध्यावर बसलेली नसते.

आता क्रम. आधी दोन्ही बाजूंची उंची आणि टायरची हवा सारखी करा. मग कॅस्टर. मग पॅनहार्डने अ‍ॅक्सल मध्यावर. मग टो. सगळ्यात शेवटी ड्रॅग लिंकने (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा रॉड) स्टिअरिंगचं चाक सरळ. कॅस्टर बदलताना अ‍ॅक्सल फिरतो आणि त्याच्यावरचे स्टिअरिंग आर्म वर-खाली होतात. पॅनहार्ड हलवला की पूर्ण अ‍ॅक्सल ड्रॅग लिंकखाली सरकतो. म्हणून ड्रॅग लिंक आधी लावली तर ते काम पुन्हा करावं लागतं.

ड्रॅग लिंक लावायच्या आधी स्टिअरिंग बॉक्स त्याच्या खऱ्या मध्यावर आणा. लिंक सुटी करा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवून फेरे मोजा आणि बरोबर अर्ध्यावर या. बॉक्सचे दाते मध्यावर सगळ्यात घट्ट बसतात आणि बाजूला थोडे ढिले असतात. सरळ चालताना बॉक्स मध्यावर नसेल तर नव्या बॉक्समध्येही खेळ जाणवतो. तुमच्या तरंगण्यात याचाही वाटा असू शकतो. स्टिअरिंगचं चाक स्प्लाइनवरून काढून सरळ बसवणं हा उपाय नव्हे. त्याने बॉक्स बाजूलाच राहतो आणि घड्याळ स्प्रिंगलाही (स्टिअरिंगच्या चाकामागची गुंडाळलेली वायर) मध्य सापडत नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच तपासा. स्प्रिंग बदलताना रेडियस आर्म आणि पॅनहार्डचे बोल्ट चाकं हवेत असताना आवळले होते का? रबर बुशची आतली आणि बाहेरची नळी रबराला चिकटलेली असते. अ‍ॅक्सल लोंबत असताना आवळलं तर गाडी खाली उतरल्यावर बुश कायम पिळलेला राहतो, गाडी काही मिमी वरच अडकते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. बोल्ट ढिले करा, गाडी चाकांवर उभी करा, बंपरवर दोन-चार वेळा दाबून बसू द्या आणि मगच मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा. हे केल्याशिवाय घेतलेलं कुठलंही माप धरू नका.

चौथागिअर

डॅम्परबद्दल एवढंच: नवा डॅम्पर कमी कॅस्टरवर स्टिअरिंग आणखी जड करेल आणि परत येणं आणखी मंदावेल. डगडग असती तर डॅम्पर ती काही दिवस झाकून ठेवतो आणि तेवढ्यात पॅनहार्डच्या बोल्टचं भोक लांबट होतं.

थरथर नाही म्हणता, तरी बुश टाकायच्या आधी सांधे एकदा तपासा. इंजिन चालू, चाकं जमिनीवर, एकाने स्टिअरिंग मध्यापासून दोन्हीकडे १५ अंश झटकत राहायचं आणि दुसऱ्याने खाली बघायचं. प्रत्येक सांध्यावर बोटं अशी ठेवा की अर्धी एका भागावर आणि अर्धी दुसऱ्या भागावर असतील. डोळ्याला न दिसणारा खेळ बोटांना कळतो. पॅनहार्डच्या दोन्ही टोकांना बोल्ट ब्रॅकेटमध्ये सरकता कामा नये. मग जॅकवर चाक वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. ढिल्या सांध्यावर अलाइनमेंट टिकत नाही.

खडकवाट

मापं घेतली. आर्म आणि पॅनहार्डचे बोल्ट हवेतच आवळलेले होते. ढिले करून चाकांवर आवळल्यावर पुढची उंची ४ मिमीने उतरली. सांध्यांमध्ये खेळ नाही.

रेडियस आर्म ९१५ मिमी. पॅनहार्ड ८६० मिमी, उंचीतला फरक आता १३० मिमी. चॅसिस रेलपासून टायरपर्यंत उजवीकडे १३ मिमी जास्त. ड्रॅग लिंक ८२० मिमी, तिरकेपणा ९.५ अंश, पॅनहार्डचा ८.७ अंश.

ड्रॅग लिंक एवढी तिरकी झाल्यामुळे ड्रॉप पिटमन आर्म (बॉक्सवरचा, ड्रॅग लिंक हलवणारा आर्म, खाली वाकवलेला) टाकावा असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. टाकू का? आणि टो घरी मोजता येईल का? सगळं काम झाल्यावर एकदाच मशीनवर जायचंय. गाडी फुल टाइम फोर व्हील ड्राइव्ह आहे, हेही लक्षात घ्या.

ओळंबा

ड्रॉप पिटमन टाकू नका. चाक वर-खाली होताना अ‍ॅक्सलचा प्रवास पॅनहार्ड ठरवतो आणि ड्रॅग लिंकच्या टोकाचा प्रवास ड्रॅग लिंक ठरवते. दोघांचा कोन आणि लांबी जवळपास सारखी असली की दोन्ही टोकं एकसारख्या कमानीत हलतात आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप फिरत नाही. तुमचे ८.७ आणि ९.५ जवळ आहेत, लांबीही जवळ आहे. नुसती ड्रॅग लिंक सपाट केलीत तर हा मेळ मोडेल आणि प्रत्येक उंचवट्यावर चाक बाजूला ओढेल. पिटमन खाली आणायचा तर पॅनहार्डचा चॅसिसकडचा ब्रॅकेटही तेवढाच खाली आणावा लागतो. या लिफ्टला त्याची गरज नाही.

पॅनहार्डचा हिशेब बघा. आता उंचीत फरक १३०, म्हणून आडवी लांबी ८६० च्या रॉडवर ८५०.१ मिमी. लिफ्टच्या आधी फरक ७५ होता (१३० वजा ५५), तेव्हा ८५६.७. म्हणजे अ‍ॅक्सल ६.६ मिमी उजवीकडे आला. रेलपासून मोजताना एका बाजूला तेवढं वाढतं आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच घटतं, म्हणून फरक दुप्पट दिसतो. तुमचे १३ बरोबर जुळतात. अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड घ्या आणि मूळपेक्षा साडेसहा मिमी लांब करा. तो लावताना बोल्ट ठोकून घालू नका. इंजिन चालू करून कोणाला तरी स्टिअरिंग हळू एका बाजूला वळवायला सांगा, अ‍ॅक्सल सरकतो आणि भोक समोर आलं की बोल्ट हाताने आत जातो. त्या वेळी बोट भोकात घालू नका.

अ‍ॅक्सल साडेसहा मिमी सरकला की स्टिअरिंगचं चाक किती फिरेल बघा: पिटमन आर्म १५० मिमी आणि बॉक्स १६ ला १ धरला तर सुमारे ४० अंश. म्हणूनच मघाशी म्हटलं, ड्रॅग लिंक शेवटी.

आता घरचा टो. सपाट फरशी हवी. प्रत्येक पुढच्या चाकाखाली दोन गुळगुळीत टाइल्स, मध्ये ग्रीस आणि प्लास्टिकचा तुकडा, म्हणजे टायर अडकून न राहता सरकतो. टायरच्या बाजूच्या भिंतीवर माप घेऊ नका, तिथे अक्षरं आणि फुगवटे असतात. चाक जॅकवर घेऊन फिरवा, मध्यभागी खडू घासा आणि स्थिर टेकवलेल्या खिळ्याने फिरत्या टायरवर बारीक रेघ ओढा. रिम किंवा टायर वाकडा असला तरी ही रेघ फिरण्याच्या पातळीतच पडते, हाच तिचा फायदा. दोन्ही टायरवर रेघ काढली की गाडी खाली घ्या, बंपर दाबून बसवा आणि ३-४ मीटर पुढे ढकलत आणून टाइल्सवर थांबवा. मागे ढकलून मोजलं तर सांध्यांतली मोकळीक उलट्या बाजूला जाते आणि माप चुकतं.

चाकाच्या मध्याच्या उंचीवर रेघेपासून रेघेपर्यंत पुढून मोजा, मग त्याच उंचीवर मागून. मधे डिफरेंशियल येतं, टेप सरळ जात नाही, तेव्हा दोन गुण्ये फरशीवर उभे करून रेघेला लावा आणि खालून गुण्यांमधलं अंतर घ्या. मागचं माप वजा पुढचं माप, तो टो-इन. तुम्हाला एकूण १ ते ३ मिमी हवा, मी २ ठेवीन. शून्यापेक्षा कमी झाला, म्हणजे टो-आउट, तर गाडी पुन्हा तरंगेल आणि टायरच्या आतल्या कडा करवतीसारख्या झिजतील. हात फिरवला की एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला काटेरी लागतं.

टाय रॉडच्या (पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा रॉड) दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असतात, म्हणून रॉड फिरवला की दोन्ही टोकं एकदम बाहेर किंवा आत जातात. आट्यांचा पिच १.५ मिमी, स्टिअरिंग आर्म १५० मिमी आणि तुमचा टायर ७३३ मिमी व्यासाचा धरला तर एका पूर्ण फेऱ्याला टो सुमारे १५ मिमी बदलतो. म्हणजे पाव फेरा जवळपास ४ मिमी. इतक्या बारीक हलवण्याचं काम आहे हे, म्हणून रॉडवर आणि क्लॅम्पवर आधी रंगाची एक सरळ खूण करा. टाय रॉड अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर लांब केल्यावर टो-इन वाढतो, पुढे असेल तर कमी होतो.

लॉकनट किंवा क्लॅम्प आवळताना दोन्ही टोकांचे बॉल जॉइंट एकाच पातळीत धरून ठेवा. एक पुढे आणि एक मागे वळलेला राहिला तर रॉडला फिरायला जागाच उरत नाही आणि खड्ड्यात जॉइंटच्या मानेवर जोर येतो. आट्यांची पकड व्यासाच्या निदान दीडपट आत असावी. कॅसल नटचं भोक आणि पिन जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, कधीही ढिला करून नाही.

रानओढा

इथे वाचणाऱ्या ज्यांच्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यांनी वरचं जसंच्या तसं लावू नये. हायलक्स, फॉर्च्युनर, प्राडो, २०२० नंतरची थार यांच्या पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आहे. तिथे लिफ्टने कॅस्टर, कॅम्बर आणि टो तिन्ही बिघडतात. कॅम्बर बहुतेक वेळा प्लसकडे जातो, कारण आखूड वरचा आर्म खाली झुकताना चाकाचा माथा खालच्या टोकाएवढा आत ओढला जात नाही.

स्प्रिंगच्या वरच्या स्पेसरची जाडी म्हणजे लिफ्ट नव्हे. शॉकअप खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, म्हणून २५ मिमीचा स्पेसर चाकाला ४० ते ५० मिमी उचलतो. टॉर्शन बारची (कॉइल स्प्रिंगऐवजी पिळणारी सळई) गाडी असेल तर अलाइनमेंटआधी हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजू मोजून बारचे बोल्ट सारखे करा. नंतर बार हलवला की सगळे कोन पुन्हा बदलतात.

अ‍ॅडजस्टमेंट खालच्या आर्मच्या कॅम बोल्टवर असते तिथे हे लक्षात ठेवा: दोन्ही कॅम बाहेर नेले की चाकाचं खालचं टोक बाहेर जातं आणि कॅम्बर मायनसकडे येतो. पुढचा कॅम आत आणि मागचा बाहेर नेला की खालचा बॉल जॉइंट पुढे सरकतो आणि कॅस्टर वाढतो. पण टायरही पुढे येतो, मोठा टायर पूर्ण वळवून बंपरला घासतो का ते बघा. कॅम टोकाला लागूनही कॅस्टर २ च्या खाली राहत असेल तर बॉल जॉइंट मागे नेणारे वेगळे वरचे आर्म लागतील.

कॅम बोल्ट गंजून बुशच्या आतल्या नळीला चिकटले असतील तर पान्याने ताकद लावू नका. बोल्टबरोबर नळी फिरते आणि रबर फाटतं. गंज सोडवणारं तेल आदल्या दिवशी टाका. तरी हलला नाही तर बुशच्या दोन्ही बाजूंना करवतीने कापून नवा बोल्ट, नवा कॅम आणि अँटीसीझ लावून बसवा.

आटेपाना

फुल टाइम आहे म्हणालात म्हणून पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचं बघायला हवं. कॅस्टर बुशने अ‍ॅक्सलचा माथा मागे जातो आणि पिनियनचं (डिफरेंशियलचा, शाफ्ट जोडायचा दांडा) तोंड खाली जातं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असेल तर हे फायद्याचंच आहे. ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज मुळात समांतर असतात, लिफ्टने ते ३.४ अंशांनी बिघडले, बुशने परत समांतर होतात. दोन्ही क्रॉसचा कोन मात्र वाढलेला राहतो: शाफ्ट ६०० मिमी असेल तर ५५ मिमीच्या लिफ्टने ५ अंशांहून थोडा जास्त. ग्रीस वेळेवर भरत राहा.

शाफ्टला ट्रान्सफर केसकडे जोड क्रॉस (एकाला लागून दुसरा) असेल तर गोष्ट उलटी. तिथे पिनियनचं तोंड शाफ्टच्या रेषेत हवं, आणि कॅस्टर दुरुस्त केला की ते खाली वळतं. मग ठरावीक वेगाला फरशीतून गुणगुण येते. अशा गाडीत कॅस्टर पूर्ण ४ पर्यंत न नेता ३ वर थांबवा, स्टिअरिंग नीट परत येतं आणि शाफ्टही शांत राहतो. पार्ट टाइम गाडीत हब सोडलेले असतील तर पुढचा शाफ्ट फिरतच नाही, हा प्रश्नच येत नाही.

तुमच्या आकड्यांवर: २.९ अंशांचे बुश टाकले की कॅस्टर ३.५ ते ३.८ च्या आसपास येईल. उंची ४ मिमीने उतरली त्यानेही पाव अंश परत मिळालाय. पुढचा प्रत्येक १० मिमी म्हणजे ०.६ अंश, म्हणून बंपर, विंच किंवा जड गार्ड लावायचं असेल तर ते आधी लावा आणि मग अलाइनमेंट करा. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त उंच राहिली तर २४०० मिमी व्हीलबेसवर दर २४ मिमीला ०.६ अंश कॅस्टर कमी होतो, कारण पूर्ण चॅसिस नाक खाली घालते. मागे सामान भरलेलं आणि रिकामं असा फरकही यातच धरा.

बुश टाकल्याचा परिणाम मशीनशिवाय पाहायचा तर डिजिटल अँगल गेज डिफरेंशियलच्या किंवा नकलच्या एखाद्या सपाट घासलेल्या जागी आधी आणि नंतर लावा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे बदललेला कॅस्टर. खरा आकडा हवा असेल तर चाक २० अंश बाहेर वळवून कॅम्बर घ्या, २० अंश आत वळवून पुन्हा घ्या, दोन्हींतला फरक गुणिले १.४६.

मशीनवर गेल्यावर दोन गोष्टी मागून घ्या. कॅस्टर मोजायला चाकं दोन्हीकडे वळवावी लागतात. ती वळवली नाहीत तर कागदावर कॅस्टर येत नाही किंवा मागचाच आकडा राहतो. आणि स्टिअरिंग सरळ लॉक करून मग टो लावायला सांगा. ड्रॅग लिंकचा एक फेरा स्टिअरिंगचं चाक सुमारे १८ अंश फिरवतो, तेवढ्यावरून अंदाज घ्या. गाडीत स्थिरता नियंत्रण असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सरचं शून्य स्कॅनरने पुन्हा लावून घ्या, नाहीतर सरळ रस्त्यावरही गाडी वळतेय असं समजून तो एखाद्या चाकाला ब्रेक लावू शकतो.

खडकवाट

शाफ्टला दोन्ही टोकांना एकेक क्रॉसच आहे. मग बुश आणि अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड, ड्रॅग लिंक मूळचीच. विंच लावायची आहे, ती आधी लावतो. पुन्हा कधी मोजायचं?

ओळंबा

विंच लावल्यावर पुढची उंची मोजून लिहून ठेवा. ५०० किमीनंतर तीच जागा पुन्हा मोजा, आर्म, पॅनहार्ड आणि टाय रॉडचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा. उंची ५ मिमीपेक्षा जास्त उतरली नसेल तर फक्त टो पाहा. जास्त उतरली असेल तर पॅनहार्डही पुन्हा रेलपासून मोजा. सस्पेन्शन पूर्ण लोंबल्यावर ब्रेकचे होज ताणत नाहीत ना आणि पॅनहार्ड डिफरेंशियलच्या झाकणाला लागत नाही ना, हे मात्र पहिल्याच दिवशी, चाकं लोंबत असताना आणि दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघून घ्या.